घर निघालं फिरायला, पत्ता राहिला घरी

नोकरीला रामराम, फ्लॅटला टाटा आणि गाडीतच संसार! हे स्वप्न हल्ली प्रत्येक क्युबिकलमध्ये बघितलं जातं. त्या स्वप्नाच्या मागच्या सीटवर बसून सहा दिवस कोकण फिरून आल्यावर कळलेल्या काही गोष्टी...

खरं सांगा. सोमवारी सकाळी चांदणी चौकात अडकलेले असताना तुमच्या डोक्यात एकदा तरी आलंय की नाही, की आज ऑफिसचा टर्न घ्यायचाच नाही? मुळशी, ताम्हिणी, माणगाव आणि मग थेट समुद्र. प्रेझेंटेशन गेलं खड्ड्यात, अप्रेझल गेलं उडत! बहुतेक जण हे स्वप्न दोन मिनिटं बघतात, मग मागून हॉर्न वाजतो आणि गाडी मुकाट्याने हिंजवडीकडे वळते.

मी तर फ्रीलान्सर. मला ना ऑफिस, ना बॉस, ना पंचिंग कार्ड. म्हणजे मला अडवणारं तसं कुणीच नव्हतं. कोथरूडमधल्या माझ्या वन-आरकेचं अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट मार्चअखेर संपणार होतं आणि घरमालक काका भाडं दोन हजारांनी वाढवायच्या मूडमध्ये होते. एफडीत साडेसहा लाख होते. एखादी जुनी व्हॅन त्यात बसत होती. फंडा एकदम क्लिअर! मी नाशिकला आईला फोन लावला.

"आई, मी फ्लॅट सोडतेय. व्हॅन घेणार आणि त्यातच राहणार. काम काय, लॅपटॉपवर कुठूनही होतं."

"अंघोळीचं काय?"

"होते गं सोय."

"आणि तुझं टपाल, बँकेची कार्डं?"

"पत्ता तुझाच देते ना सगळीकडे!"

आई दोन सेकंद थांबली. मग म्हणाली, "बरं."

या 'बरं'चा अर्थ मला कळायला पुढे पंधरा दिवस लागले.

बेडखाली बॅटरी, डोक्यावर सोलर

व्हॅन घेण्याआधी एकदा ट्रायल घ्यावी म्हणून मी कॉलेजातल्या सीनिअरला गाठलं. मास कॉमला ती माझ्या दोन वर्षं पुढे होती. नंतर अ‍ॅड एजन्सीत कॉपी लिहायची. नवरा आयटीतला. दोघांनी चौदा महिन्यांपूर्वी वाकडचा भाड्याचा फ्लॅट सोडला आणि एका जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये राहायला गेले. आता ती फ्रीलान्स लिहिते आणि तो कॉन्ट्रॅक्टवर कोडिंग करतो. "आमची नावं मात्र छापू नकोस," तिने आधीच बजावलं. नवऱ्याच्या आजीला अजून एवढंच माहितीये, की नातू कंपनीच्या कामाने फिरतीवर असतो!

फेब्रुवारीत मी त्यांच्याबरोबर निघाले. गाडीच्या सीट्स काढून मागे आडवा बेड बसवलेला. त्याखाली २०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी आणि शंभर लिटरची पाण्याची टाकी. एक शेगडी, एक सिंक, एक घडीचं टेबल आणि टपावर ४०० वॉटचं सोलर पॅनेल. एका कोपऱ्यात पोर्टेबल टॉयलेट, त्यावर गादी टाकली की माझी सीट. हसू नका, सहा दिवस मी तिथेच बसले होते. झोपायला मला पुढच्या सीट्स दिल्या होत्या.

पहिली रात्र हरिहरेश्वरला. मागचं दार उघडलं की समोर समुद्र. मी मनातल्या मनात कोथरूडच्या काकांना राजीनामा देऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिशोब सुरू झाला. तीन माणसांना शंभर लिटर पाणी दोन दिवस पुरवायचं. भांडी आधी कागदाने पुसायची, मग धुवायची. अंघोळीला माणशी पाच लिटर, तेही कसं? शेतात औषध फवारतात तो पंप, अर्थात नवाकोरा, उन्हात तापवायचा आणि त्याचा फवारा अंगावर मारायचा. विजेचंही तेच. कडक ऊन असेल तर पॅनेल दिवसाला दीडेक युनिट देतं. त्यात दोन लॅपटॉप, छोटा फ्रीज आणि पंखा बसवायचा. आभाळ आलं की नवरोबा मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवतात. क्लायंटला वाटतं, गडी लाजाळू आहे.

आणि टॉयलेटची टाकी? ती तीन दिवसांनी रिकामी करायची. आधी कुणाच्या तरी संडासात ओतायची परवानगी मागायची. मग नाणं उडवायचं. तिसऱ्या दिवशी छापा पडला आणि मी हरले. तेव्हापासून इन्स्टाग्रामवर मागच्या दारातून पाय बाहेर काढलेला फोटो दिसला, की मला ती टाकीच आठवते!

गाव कुठलं तुमचं?

पण पाणी, वीज, टॉयलेट हे सगळं जमतं. माणूस आठवड्यात शिकतो. रोज दुपारी चारच्या सुमाराला जो प्रश्न पडायचा तो वेगळा होता. आज झोपायचं कुठे?

कधी पेट्रोल पंप, कधी देवळाचं आवार, कधी एखाद्या घरगुती खानावळीची वाडी, जिथे तीनशे रुपयांत पाणी आणि बाथरूम मिळतं. पण गाडी कुठेही लावा, अर्ध्या तासात कुणीतरी येतंच. मग पहिला प्रश्न ठरलेला, "कुठले तुम्ही?"

ती शांतपणे आधार कार्ड काढायची. त्यावर चिंचवडचा पत्ता, तिच्या आईवडिलांचा. "चिंचवडला कुठं? आमचा मेव्हणा आहे तिथं!" की झालं. दहा मिनिटांत शहाळी यायची. चौदा महिन्यांत त्यांना कुणी हाकललं नाही. ती म्हणाली, "आमची सगळ्यात महागडी अ‍ॅक्सेसरी बॅटरी नाहीये, हे कार्ड आहे."

मी तेव्हा हसले. तिसऱ्या दिवशी हसू गेलं.

बागमांडल्याहून फेरीबोटीने वेसवीला उतरलो आणि मंडणगडच्या बाजूला एका शेताच्या कडेला गाडी लावली. शेजारीच धनगरांचा वाडा पडला होता. मंडळी पावसाळा संपला की घाटावरून मेंढरं घेऊन कोकणात उतरतात. शेतकरी खतासाठी शेतात मेंढरं बसवून घेतो आणि बदल्यात धान्य किंवा पैसे देतो. सगळा संसार घोड्यावर. भांडी, अंथरूण, कोंबड्या, आणि सगळ्यांवर एक तान्हं पोर.

त्यातल्या एक मावशी आमची गाडी बघायला आल्या. आम्ही हौसेने सगळं दाखवलं. बेड, शेगडी, फ्रीज, फवारा. त्यांनी सगळं नीट बघितलं आणि विचारलं,

"घर न्हाई व्हय तुमास्नी?"

"आहे ना, चिंचवडला."

"मग?"

आमच्यातल्या एकालाही उत्तर सुचलं नाही, यार. तीन पोस्ट ग्रॅज्युएट माणसं नुसती उभी!

संध्याकाळी गावातले एक गृहस्थ चौकशीला आले. आमचं आधार कार्ड नुसतं बघून परत दिलं. मग ते शेजारी गेले. तिथे बराच वेळ चौकशी चालली. माणसं किती, कुठून आलात, किती दिवस राहणार, कुणी बोलावलं. सगळं वहीत लिहून घेतलं. खरं तर ही मंडळी वर्षानुवर्षं याच वाटेने येतात. आम्ही त्या गावात आयुष्यात पहिल्यांदा आलो होतो.

एका गावाचा पिन कोडच गेला

या व्हॅनलाइफचं मूळ शोधायला गेलं की बहुतेक वेळा फोक्सवॅगनच्या त्या गोंडस बसपाशी पोचायला होतं. बेन पॉन या डच माणसाने १९४७ मध्ये तिचं पहिलं चित्र काढलं आणि १९५० मध्ये ती कारखान्यातून बाहेर पडली. पुढे तिच्यातच लोकांनी बेड टाकले, शेगड्या बसवल्या. २०११ मध्ये फॉस्टर हंटिंग्टन नावाच्या अमेरिकन पोराने न्यूयॉर्कमधली फॅशन डिझाइनची नोकरी सोडली, १९८७ ची फोक्सवॅगन घेतली आणि फोटोंना 'व्हॅनलाइफ' हा हॅशटॅग लावला. पुढचं तुम्हाला माहितीच आहे. आपल्याकडेही महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं.

पण त्याच २०११ सालात अमेरिकेतच दुसरी एक गोष्ट घडली. नेवाडा राज्यातलं एम्पायर हे गाव जिप्समच्या कारखान्यावर जगत होतं. तो कारखाना बंद झाला, माणसं गेली आणि काही महिन्यांत सरकारने गावाचा पिन कोडच रद्द केला. ८९४०५, बंद! जेसिका ब्रूडर या पत्रकार बाईंनी २०१७ मध्ये 'नोमॅडलँड' पुस्तकात अशाच माणसांबद्दल लिहिलं. २००८ च्या मंदीनंतर घर परवडेना म्हणून व्हॅनमध्ये राहायला गेलेले साठी-सत्तरीतले लोक, सीझन बघून गोदामांत आणि शेतांवर मजुरी करणारे. त्यावरच्या सिनेमाला २०२१ मध्ये ऑस्कर मिळालं. बघितला नसेल तर बघा, आणि बघताना त्या बायकांचे हात बघा.

तिथेही पत्त्याची भानगड सुटलेली नाही. लायसन्स, विमा, बँक, सगळ्यांना पत्ता हवाच. म्हणून तिकडचे बरेच फिरस्ते साउथ डकोटा राज्य गाठतात. तिथे एका रात्रीच्या मुक्कामाची पावती आणि टपाल सांभाळणाऱ्या कंपनीचा पत्ता यावर काम भागू शकतं. म्हणजे जन्मभर फिरायचं असेल तरी एक रात्र कुठेतरी थांबल्याचा पुरावा लागतोच!

वेळणेश्वरचे वेलणकर

दाभोळहून फेरीबोटीने धोपाव्याला आलो, तिथून गुहागर आणि मग वेळणेश्वर. नारळी, देऊळ, मागे शांत समुद्र. संध्याकाळी वाळूत बसले होते तेव्हा नवरोबांनी एक भन्नाट गोष्ट सांगितली. आपण फॉर्मवर जो सहा आकडी पिन कोड भरतो, तो शोधून काढणारा माणूस याच गावचा.

श्रीराम भिकाजी वेलणकर. संस्कृतचे कवी आणि केंद्रातल्या दळणवळण खात्यातले मोठे अधिकारी. एकाच नावाची गावं ढिगाने, पत्ते वेगवेगळ्या भाषांत, अक्षर देवाला माहीत. त्यावर त्यांनी आकड्यांचा उपाय काढला आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून पिन कोड सुरू झाला. पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो. महाराष्ट्र आणि गोवा चारमध्ये येतात. आठ विभाग जमिनीवरचे, आणि नववा सैन्याचा. तुकडी कुठेही हलली तरी नऊने सुरू होणाऱ्या पिनवर टाकलेलं पत्र तिच्या मागोमाग जातं.

म्हणजे हलत्या माणसांचा विचार पिन कोडमध्ये आहे, पण तो जवानांचा. मेंढरांमागे हलणाऱ्यांसाठी दहावा विभाग नाही. इंग्रजांनी तर १८७१ च्या कायद्याने कित्येक भटक्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवून टाकलं होतं. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड त्यांची वसाहत होती. तो कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडलं. बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय आयोगाने २००८ मध्ये अहवाल दिला, त्यातही तेच दुखणं होतं. पत्त्याचा पुरावा नाही म्हणून रेशन कार्ड नाही, आणि कार्ड नाही म्हणून पुढचं काहीच नाही.

आपण गाडीत राहायला गेलो की ती लाइफस्टाइल होते, कारण खिशात चिंचवडचा पत्ता असतो. इतकं साधं आहे ते. मला मात्र हे कळायला धनगराच्या मावशींनी "मग?" म्हणावं लागलं.

चिंचवडचं हेड ऑफिस

कुंभार्ली घाटाने कराड आणि तिथून पुणे. दोघांना पुढे कोल्हापूरला जायचं होतं, म्हणून मला कराडला एसटीत बसवून दिलं आणि हातात एक पिशवी दिली. "एवढी कोकमं आणि आंबापोळी आईला पोचवशील?"

चिंचवडच्या काकूंनी चहा टाकला आणि एक जाडजूड फाइल काढली. गाडीचा विमा, पीयूसी, टोलच्या तक्रारी, बँकेची पत्रं, जावयाच्या टॅक्सचे कागद, सगळं तारखेनुसार लावलेलं. भिंतीवरच्या कालनिर्णयात प्रत्येक चौकोनात पेन्सिलीने एकेका गावाचं नाव. काल गुहागर, परवा दापोली.

"रोज रात्री फोन आला की लिहिते," काकू म्हणाल्या. "फोन नाही आला तर चौकोन रिकामा राहतो. मग झोप लागत नाही."

"तुम्ही कुठे जात नाही फिरायला?"

"अक्कलकोटला जायचं होतं गं दत्तजयंतीला. पण तिचं नवीन डेबिट कार्ड यायचं होतं. ते हातातच द्यावं लागतं ना? राहिलं."

तक्रारीचा सूर अजिबात नव्हता. त्यांनी आंबापोळीचा डबा आत ठेवला आणि आजच्या चौकोनात कोल्हापूर लिहिलं.

मी बसस्टॉपवर आले आणि मला आईचं ते 'बरं' आठवलं.

आईची सॅक

दुसऱ्या दिवशी नाशिक. जेवण झाल्यावर मी सरळच विचारलं, "मी तुझा पत्ता दिला तर तुला काही अडचण आहे का?"

"अडचण कसली? सगळ्यांचा तोच तर आहे. दादा बंगळुरूला, पण त्याचा पासपोर्ट इथलाच. बाबा जाऊन तीन वर्षं झाली, तरी त्यांच्या नावाचं काही ना काही येतंच."

"तसं नाही. तुला कुठे जायचंय का?"

आई उठली आणि कपाटाच्या मागून एक सॅक काढली. आत बूट, पातळ रजई, डबा-पेला, टॉर्च. बुटांचं लेबलही काढलेलं नव्हतं.

"दोन वर्षं झाली घेऊन," ती म्हणाली. "नर्मदा परिक्रमा करायचीये. चालत."

माझी आई! एकोणसाठ वर्षांची, भाजीला गेली तरी रिक्षाने येणारी. नर्मदा आहे १३१२ किलोमीटर लांब, आणि परिक्रमा म्हणजे दोन्ही काठ. कित्येक महिने रोज चालायचं, मिळेल तिथे झोपायचं, कुणी वाढेल ते खायचं. आम्ही बॅटरी, सोलर, फ्रीज घेऊन जे करायला निघालो होतो, तेच ही बाई एका सॅकवर करणार होती.

"मग गेली का नाहीस?"

"घरी कोण?" आई म्हणाली. तेवढंच.

तर मंडळी, मार्चअखेर मी कोथरूडचं अ‍ॅग्रीमेंट रिन्यू केलं. काकांनी दोन हजार वाढवलेच. नाशिकच्या घराची एक किल्ली माझ्याकडे आली. बँकेत, विम्याच्या ऑफिसात, गॅस एजन्सीत, जिथे जिथे पत्रव्यवहाराचा पत्ता बदलता येतो तिथे तिथे आम्ही माझा टाकला. दादाला सांगितलं, तुझं कार्ड-बिर्ड आता माझ्याकडे येणार आणि मी ऑफिस अवर्समध्ये दार उघडत नाही!

चातुर्मासात परिक्रमा करत नाहीत. येत्या कार्तिकी एकादशीनंतर आई ओंकारेश्वरहून निघेल. सध्या रोज सकाळी गोदावरीच्या काठाने सहा किलोमीटर चालते, आणि बुटांचं लेबल काढून टाकलंय. मी नवीन कालनिर्णय घेणारे आणि एक पेन्सिल.

आणि माझी व्हॅन? ती आहेच. साडेसहा लाख एफडीतच आहेत. आई परत आली की माझा नंबर. तेव्हा ती म्हणेल, तू जा, मी आहे घरी. पण या वेळी मी विचारणार आहे, नक्की ना?

निघायचंय? आधी एवढं कराच

• व्हॅन विकत घेण्याआधी आठवडाभर भाड्याने घेऊन राहा. शक्यतो पावसाळ्यात. तरीही आवडलं तर पुढचं बघा.

• गाडीत मोठे बदल करायचे तर आरटीओची परवानगी आणि आरसी बुकावर नोंद हवी. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२. नोंद नसेल तर विम्याचा क्लेम अडकू शकतो.

• गॅससाठी पाच किलोचा छोटा सिलिंडर घ्या. त्याला पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्र पुरतं.

• टॉयलेटची टाकी नदीत, समुद्रात, शेतात ओतायची नाही. विचारून, संडासातच. नाणं आपलं आपण आणा.

• आणि शेवटचं. तुमचा कायमचा पत्ता कोण होणार आहे, त्या माणसाला समोर बसवून विचारा. 'बरं' म्हणाले, तर पुन्हा विचारा.